वस्तीतलं गटार, रस्ता, शौचालय: सरकारी निधी आपल्या गल्लीपर्यंत कसा आणायचा

‘आमच्या वस्तीत गटार नाही, रस्ता नाही, तरी निधी मिळावा ही नम्र विनंती.’ असे अर्ज महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगरपालिकेत आणि पंचायत समितीत गठ्ठ्यांनी पडलेले असतात. बहुतेकांचं काही होत नाही. त्यामागे दर वेळी भ्रष्टाचार किंवा अनास्थाच असते असंही नाही. त्या अर्जाचं नेमकं काय करायचं, हे टेबलावरच्या माणसाला कळत नाही. काम कोणत्या योजनेतून करायचं? जागा कोणाची? लांबी किती? आराखड्यात वस्तीचं नाव आहे का? ही उत्तरं अर्जात नसली की त्यावर ‘नोंद घ्यावी’ असा शेरा पडतो आणि अर्ज फायलीला लागतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, पाडे आणि तांडे यात धरलेले नाहीत. या सगळ्यांसाठी पैसे आहेत, पण ते वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यांखाली) ठेवलेले असतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. म्हणून आधी आपलं काम कोणत्या शीर्षात बसतं ते शोधायचं. मग त्या शीर्षाची यादी तयार होण्याच्या आत आपलं नाव तिच्यात घालायचं. यादी मंजूर झाल्यावर आलेला अर्ज कितीही खरा असला तरी त्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

आधी जागेची कुंडली काढा

कामाला हात घालण्यापूर्वी वस्ती ज्या जमिनीवर आहे तिचा उतारा काढा. गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. जमीन ग्रामपंचायतीची, पालिकेची, सरकारी (म्हणजे महसूल खात्याची), वनखात्याची, रेल्वेची की खासगी, यावर पुढचं सगळं ठरतं. रेल्वे किंवा वनखात्याची असेल तर त्या खात्याच्या ना-हरकत दाखल्याशिवाय पालिका एक फरशीही बसवत नाही. तो दाखला मिळवायला कामाला लागतो त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो, तेव्हा पहिलं पत्र तिकडेच जाऊ द्या.

शहरात आणखी एक प्रश्न विचारायचा: वस्ती ‘घोषित’ आहे का? महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ च्या कलम ४ खाली सक्षम प्राधिकारी एखादा भाग झोपडपट्टी म्हणून जाहीर करतो आणि तशी राजपत्रात अधिसूचना निघते. घोषित वस्तीत सुधारणेची कामं करायला कायद्याचा आधार असतो, जमीन खासगी असली तरी. अघोषित वस्तीत अभियंता सरळ ‘इथे खर्च टाकता येत नाही’ म्हणतो. अधिसूचनेची तारीख आणि सर्व्हे नंबर पालिकेच्या झोपडपट्टी विभागाकडे मिळतात. मुंबईत असाल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे चौकशी करा. वस्तीवर पुनर्वसनाची योजना दाखल झालेली असेल तर ‘उद्या इमारत होणार, आज कशाला गटार’ हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं. अशा योजना वर्षानुवर्षं रेंगाळतात, म्हणून योजनेची सद्यस्थिती लेखी मागवून अर्जाला जोडा.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. पाणी हक्क समितीने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला: झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. नळजोडणी मिळाली म्हणजे घर अधिकृत झालं असं होत नाही, हेही त्यात आलं. अघोषित वस्तीत पाण्याची मागणी करताना या निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करा.

कोणतं काम आधी?

इथे सर्वात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सावकाश बोलू.

वस्तीत बैठक घेतली की पहिली मागणी रस्त्याची येते. रस्ता डोळ्यांना दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं, फलक लावता येतो. पुढाऱ्यालाही तोच आवडतो. मग गल्लीत काँक्रीट पडतं. वर्षभरात पाण्याची लाईन टाकायला ते फोडतात, त्यानंतर ड्रेनेजसाठी पुन्हा फोडतात. पाच-सात वर्षांनी नवा नगरसेवक जुन्या काँक्रीटवरच नवा थर देतो. असे दोन-तीन थर झाले की गल्ली घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर येते आणि पावसाळ्यात गल्लीतलं पाणी मोरीतून घरात शिरू लागतं. राज्यातल्या कितीतरी जुन्या वस्त्यांत आज लोक घरात शिरताना दोन पायऱ्या उतरतात, ते यामुळे.

तेव्हा क्रम असा ठेवा: जमिनीखालचं आधी, वरचं शेवटी. पाण्याची लाईन, मग ड्रेनेज किंवा गटार, विजेच्या भूमिगत तारा असतील तर त्या, आणि सर्वात शेवटी रस्ता किंवा पेव्हर ब्लॉक. रस्त्याचाच निधी आला असेल आणि खालचं काहीच झालेलं नसेल, तर निदान घरागणिक आडवे पाईप रस्त्याखालून टाकून ठेवायला सांगा. खर्च किरकोळ असतो आणि पुढची फोडाफोड वाचते. जुनं काँक्रीट उकरूनच नवं टाकायचं, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला इथे किंमत नाही.

गटाराबाबत विचारायचा प्रश्न एकच: पाणी शेवटी जाणार कुठे? गल्लीच्या टोकाला मोठा नाला किंवा पालिकेचं चेंबर नसेल, तर गटार म्हणजे लांबट डबकं. त्यासाठी उतार मोजा. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा, एक टोक गल्लीच्या वरच्या कोपऱ्यात आणि दुसरं खालच्या कोपऱ्यात धरा. दोन्ही टोकांना पाण्याच्या रेषेपासून जमीन किती खाली आहे ते मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे गल्लीचा उतार. शंभर मीटरला एक मीटर मिळाला तर उत्तम, पन्नास सेंटीमीटर मिळाला तरी काम चालतं. त्याहून कमी असेल तर अभियंत्याला आधीच सांगा, म्हणजे तो पाईपचा व्यास आणि चेंबरची संख्या त्या हिशोबाने धरेल.

सार्वजनिक शौचालयाची मागणी करताना सीटची संख्या लोकसंख्येवरून काढा. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असं प्रमाण आहे. पालिका बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या सीट बांधून मोकळी होते. हे प्रमाण अर्जात लिहिलंत तर बायकांच्या बाजूला जास्त सीट मागण्याला आधार मिळतो. ड्रेनेजची लाईन वस्तीजवळून जात असेल तर सार्वजनिक शौचालयाऐवजी घरोघरी शौचालयाचा विचार करा. पुण्यातली शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्त्यांचे नकाशे तयार करून पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत हेच काम करत आली आहे. दहा बाय दहाच्या घरातही शौचालय बसतं, हे त्यांच्या कामातून दिसलं आहे.

एका अर्जात एकच काम घाला. आठ मागण्यांचा अर्ज आठ टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलाचा होत नाही.

पैसे कुठल्या शीर्षातून?

गावातली वस्ती अनुसूचित जाती किंवा नवबौद्धांची असेल, तर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास’ ही समाजकल्याणची योजना. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘दलित वस्ती सुधार’च आहे. पाणीपुरवठा, गटारं, अंतर्गत रस्ते, पोचरस्ता, वीज, समाजमंदिर ही कामं यात बसतात. वस्तीला किती पैसे मिळतील ते तिच्या लोकसंख्येवर ठरतं. ५ डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयात १० ते २५ लोकसंख्येच्या वस्तीला २ लाख, तर ३०० हून मोठ्या वस्तीला २० लाख अशी टप्प्याटप्प्याची मर्यादा होती. या मर्यादा बदलत असतात, म्हणून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून चालू निर्णयाची प्रत घ्या. महत्त्वाचं म्हणजे ही योजना पाच वर्षांच्या बृहत आराखड्यावर, म्हणजे वस्त्या आणि त्यांतल्या कामांच्या एकत्रित यादीवर चालते. आराखड्यात वस्तीचं नाव आणि खरी लोकसंख्या आहे का, हे आजच तपासा. नाव नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून ते समाविष्ट करण्याचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यामार्फत पाठवायचा. लोकसंख्या जुनी आणि कमी दाखवली असेल तर तीही त्याच वेळी दुरुस्त करून घ्या, नाहीतर तुमच्या हक्काची रक्कम निम्म्यावर येऊ शकते.

आदिवासी पाड्यांसाठी ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना आहे. तिचा रस्ता एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून जातो. भटक्या-विमुक्तांच्या तांड्यांसाठी आणि वस्त्यांसाठी तांडा-वस्ती सुधार योजना आहे. वस्ती मिश्र असेल, कोणत्याच गटाची बहुसंख्या नसेल, तर ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीकडे बघा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. गटार आणि सांडपाण्याचं काम त्यात नेमकं बसायचं, तरीही अनेक गावांत हा पैसा पडून राहायचा कारण तशी कामं आराखड्यातच घातलेली नसायची. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. रक्कम छोटी असते, पण दोन चेंबर आणि एक पाईप एवढ्याचीच गरज असेल तर ती पुरते.

शहरात दोन जोड योजना आहेत. अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना, आणि बाकीच्या गरीब वस्त्यांसाठी नागरी दलितेतर वस्ती सुधारणा योजना. दोन्हींचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. प्रस्ताव पालिका तयार करते, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पातळीवर मिळते. त्याशिवाय नगरोत्थान महाअभियान आहे, पण त्यातली कामं मोठी असतात. एका गल्लीचं काम त्यात सहसा जात नाही. पूर्ण वस्तीची मलनिस्सारण वाहिनी असेल तर प्रयत्न करा. पालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेली रक्कमही असते. ती दर वर्षी पूर्ण खर्च होते का, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा.

मुंबईत म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ लाद्या, गटारं, शौचालयं, संरक्षक भिंती अशी कामं करतं. त्यातली पुष्कळ आमदार-खासदार निधीतून येतात. पुण्यात महापालिकेने २००६ पासून नागरिकांना थेट कामं सुचवू दिली आहेत. क्षेत्रीय कार्यालयाच्या अर्जावर पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. या सोयीचा फायदा आजवर सोसायट्यांनी बाकांसाठी आणि पदपथांसाठी जास्त घेतला, वस्त्यांनी कमी. अर्ज सहसा पावसाळ्याच्या अखेरीस मागवतात.

लोकप्रतिनिधींचा निधी सगळ्यांना माहीत असतो, त्याचे नियम कमी जणांना. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात. त्यातले १५ टक्के अनुसूचित जातींची वस्ती असलेल्या भागात आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागात सुचवायचे असतात. आमदाराचा स्थानिक विकास निधीही २०२२-२३ पासून ५ कोटी झाला. दोघांचंही पत्र ही फक्त शिफारस. मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाची. खासदाराच्या कार्यालयात जाताना १५ टक्क्यांचा नियम तोंडपाठ असू द्या. ‘साहेब, राखीव हिश्शातून आमचं काम बसतंय’ हे ऐकल्यावर संभाषणाची दिशा बदलते, कारण तो हिस्सा कुठेतरी सुचवायचाच असतो. गावात ‘पंचवीस-पंधराचा निधी’ असाही शब्द ऐकू येतो. ते ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांना त्यातून पैसे मिळतात आणि तिथे मंत्रालयापर्यंत ओळख लागते, हे स्पष्टच सांगतो.

ठराव आणि अर्ज

गावात ग्रामसभेचा ठराव हा पाया. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या. मोठ्या ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. पाणी आणि शौचालयाचा विषय तिथे मांडा. हंडा घेऊन उभं राहायचं कोणाला लागतं ते माहीत असलेल्या बायका तो जास्त धारदार मांडतात, आणि महिला सभेतून आलेला विषय मोठ्या सभेत टाळणं सरपंचांना अवघड जातं. ठरावात ‘वस्तीचा विकास करावा’ असं मोघम लिहू देऊ नका. अमुक घरापासून तमुक नाल्यापर्यंत, एवढे मीटर, हे काम, या योजनेतून, असं लिहून घ्या. सभा संपताच ठरावाच्या प्रमाणित प्रतीसाठी ग्रामसेवकाकडे अर्ज द्या. २०२४ पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. अर्जावर तेच लिहा.

शहरात वस्तीची कमिटी किंवा नोंदणीकृत मंडळ असेल तर त्याचं पत्र आणि पन्नास-साठ कुटुंबांच्या सह्या पुरतात. नगरसेवकाचं शिफारसपत्र सोबत असू द्या. अर्जाचा विषय साधारण असा:

‘विषय: प्रभाग क्र. ___ मधील ___ वस्तीत, समाजमंदिर ते मोठा नाला या गल्लीत बंदिस्त गटार बांधणे (लांबी अंदाजे ११० मीटर) हे काम जिल्हा वार्षिक योजनेतील नागरी दलितेतर वस्ती सुधारणा योजनेतून प्रस्तावित करण्याबाबत.’

एवढ्या एका वाक्यात मघाच्या चार प्रश्नांतले दोन सुटतात. खाली तीन-चार ओळींत कुटुंबसंख्या, लोकसंख्या, जमिनीची मालकी आणि आत्ताची अडचण. सोबत उतारा, घोषित झोपडपट्टीची अधिसूचना असेल तर तिची प्रत, हाताने काढलेला नकाशा आणि तारीख व ठिकाण दिसेल असे फोटो. फोटो पावसाळ्यात काढलेले असावेत. मार्चमध्ये कोरड्या गल्लीचा फोटो पाहून कोणाला गटाराची निकड पटत नाही. हे काम आधी दुसऱ्या कुठल्या निधीतून झालेलं नाही, असा दाखला पालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून पुढे लागणारच आहे, तो आताच मागून ठेवा.

अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. साहेबांच्या हातात प्रेमाने दिलेला अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने आलेलाच नसतो.

वेळापत्रक

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण यादीचा खेळ त्याआधीच संपलेला असतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकाराला येतो. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती तो मंजूर करते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत आकडे पक्के होतात. महापालिकांचे अर्थसंकल्पही जानेवारी ते मार्चमध्ये येतात. म्हणजे मोजमाप आणि फोटो जुलै-ऑगस्टमध्ये, ठराव ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सभेत, अर्ज दिवाळीच्या आत. वर्ष निवडणुकीचं असेल तर आचारसंहितेचे दोन-तीन महिने वजा धरा. त्या काळात नवी कामं सुरू होत नाहीत. कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र) आधी निघून काम सुरू झालेलं असेल तर ते चालू राहतं.

मार्चअखेरीस निधी परत जातो, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. जिल्हा परिषदेला मिळालेला जिल्हा योजनेचा निधी मात्र पुढच्या आर्थिक वर्षअखेरपर्यंत खर्च करता येतो. ‘मार्च संपला, आता काही होणार नाही’ असं कोणी म्हटलं तर हे विचारून घ्या.

फाईल कुठे अडते

अर्जानंतर कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि दरसूचीनुसार (सरकारने ठरवलेल्या दरांनुसार) अंदाजपत्रक करतो. त्याला वरिष्ठ अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागते. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे खर्चाला मंजुरी, मग निविदा किंवा कामवाटप, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. मोठ्या रकमेच्या कामाला ई-निविदा लागते. ती टाळायला एकाच गल्लीच्या कामाचे तीन तुकडे पाडलेले दिसले तर तेव्हाच लेखी हरकत घ्या. तीन ठेकेदारांनी तीन पातळ्यांवर बांधलेल्या गटारातून पाणी वाहत नाही.

सर्वात लांब मुक्काम अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर असतो. एका अभियंत्याकडे बऱ्याच गावांची किंवा प्रभागांची कामं असतात, म्हणून तो येईल त्या दिवशी वस्तीतला एखादा माणूस सोबत राहील अशी व्यवस्था करा. टेप धरा, चेंबर दाखवा, पाणी कुठवर चढतं त्या भिंतीवरच्या खुणा दाखवा. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि ‘फाईल कोणाच्या टेबलावर आहे’ एवढंच विचारा. आवाज चढवायची गरज नसते.

दोन महिन्यांत हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तेही नाही. ‘आमचं काम का होत नाही’ असं विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘आवक क्र. ___, दि. ___ च्या अर्जावरील आजपर्यंतच्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. याच कायद्याने गेल्या पाच वर्षांत वस्तीत कोणत्या शीर्षातून किती खर्च झाला, हेही मागवा. कधी कधी कागदावर तुमच्या गल्लीत दोनदा रस्ता झालेला निघतो. तसं निघालं तर नव्या मागणीआधी त्या कागदाची तक्रार करावी लागेल, कारण जोवर तो कागद उभा आहे तोवर नवं काम मंजूर होणार नाही.

काम सुरू झाल्यावर

कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची प्रत हातात असल्याशिवाय देखरेख म्हणजे नुसती गर्दी. प्रतीत लांबी, रुंदी, जाडी, काँक्रीटचा दर्जा हे सगळं असतं. उदाहरणार्थ, ६० मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि १५० मिलिमीटर जाड रस्ता म्हणजे २१.६ घनमीटर काँक्रीट. जागेवर सिमेंट, वाळू आणि खडी १ : १.५ : ३ या प्रमाणात मिसळत असतील तर घनमीटरला साधारण आठ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे एकूण १७० च्या आसपास. रिकाम्या गोण्या मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. जाडी मात्र काँक्रीट ओतण्याआधी साच्याच्या पट्टीला टेप लावून बघायची. कडेला पट्टी सहा इंचाची आणि मध्ये मुरुमाचा उंचवटा करून काँक्रीट तीन इंच, ही जुनी चाल आहे. म्हणून मध्यभागी दोरी ताणून मोजा.

पाणी मारणं वस्तीने स्वतःकडे घ्यावं. सात दिवस किमान, हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला दहा. ठेकेदाराचा माणूस दोन दिवसांनी येईनासा होतो, आणि पाण्यावाचून वाळलेलं काँक्रीट वर्षभरात भुगा सोडायला लागतं. त्या दिवसांत गल्लीतून दुचाकी नेऊ नका, हे घरातल्या पोरांना सांगणंही वस्तीचंच काम.

गटाराचं झाकण बसवण्याआधी वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओता आणि खालच्या टोकाला थांबा. कुठे तुंबतं ते तेव्हाच दिसतं. झाकण एका माणसाला उचलता येईल एवढंच हवं, नाहीतर पुढे कोणी सफाईला हात लावत नाही.

अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्यावरून बिल निघतं. काम अपुरं असेल तर तक्रार बिल निघायच्या आत गेली पाहिजे. कार्यकारी अभियंता किंवा मुख्याधिकाऱ्यांना लेखी, फोटोसह, ‘अंदाजपत्रकातील बाब क्र. ४ प्रमाणे जाडी १५० मिमी, प्रत्यक्षात ९० मिमी’ अशा भाषेत. ‘निकृष्ट दर्जाचं काम’ या शब्दांवर काहीही कारवाई होत नाही, आकड्यावर होऊ शकते. त्यांना मग मोजून तरी बघावं लागतं.

शौचालय असेल तर बांधकामाइतकाच विचार पाण्याच्या टाकीचा, विजेच्या बिलाचा आणि सफाईचा आधी करा. बिल पालिका भरणार की वस्तीची संस्था, हे हस्तांतराच्या करारात लिहिलेलं नसेल तर काही महिन्यांत दिवे जातात आणि रात्री बायका तिकडे फिरकत नाहीत. मुंबईच्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात शौचालयं वस्तीतल्या संस्थांकडे चालवायला दिली. कुटुंबांचा मासिक पास आणि राहणारा काळजीवाहक जिथे टिकला तिथे ती चालली. वर्गणी किती आणि कोणाला माफ, हे उद्घाटनाआधीच्या बैठकीत ठरवून घ्या.

शेवटची एक तारीख लिहून ठेवा. प्रत्येक कामाला दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायची मुदत. किती महिने ते करारात दिलेलं असतं, आणि तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम कार्यालयाकडे अडकलेली असते. ती परत मिळण्याच्या दोन महिने आधी गल्लीतून एकदा फिरा, तडे, खचलेले ब्लॉक, फुटलेली झाकणं यांची यादी करा आणि आवक क्रमांकासह कार्यालयात द्या. तोवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.